हॉलमधले ध्वज: नव्या एएनओंसाठी

कामठीचं प्रशिक्षण उरकून नवा एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे कॉलेजातलं एनसीसी सांभाळणारा प्राध्यापक) कॉलेजात परततो, आणि नोव्हेंबर उजाडला की प्राचार्यांचा निरोप येतोच, "सर, एनसीसी दिन आहे, हॉलमध्ये ध्वजांचं तेवढं बघा." लातूर-नांदेड भागात हे काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

ध्वज घ्यायला जाण्याआधी छत मोजा. जुन्या दगडी इमारतींत उंचीची काळजी नसते. नव्या आरसीसी हॉलचं छत मात्र दहा फुटांवर आणि पंख्याची पाती त्याच्याही खाली. आठ फुटी काठी, वर पितळी टोक, खाली स्टँडची बैठक, एवढं झालं की पाती टोकाला घासतातच. न घासली तरी वाऱ्याने कापड काठीला गुंडाळलं जातं आणि भाषण चालू असताना कुणी तरी कॅडेट ते सोडवायला स्टेजवर चढतो. अशा हॉलला सहा-साडेसहा फुटी काठी आणि ९०० × ६०० मि.मी.चा ध्वज पुरे. मोठ्या सभागृहात १३५० × ९०० शोभतो. ध्वजसंहितेत राष्ट्रध्वजाची मापं ठरलेली आहेत, प्रमाण ३:२. शेजारचा कुठलाही ध्वज त्याहून उंच दिसता कामा नये.

सगळ्यात जास्त वाद डाव्या-उजव्याचा. वक्ता प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला की त्याच्या उजव्या हाताला तिरंगा, म्हणजे समोर बसलेल्यांना तो डावीकडे दिसतो. डेकोरेशनवाला प्रेक्षकांतून बघून स्टँड ठेवतो, त्यामुळे हमखास उलटं होतं. तुम्ही स्वतः माइकपाशी उभे राहून बघा. भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डावीकडे. दोन काठ्या फुलीसारख्या लावल्या तर तिरंग्याची काठी पुढे. आणि पोडियमला तिरंगा गुंडाळायचा नाही, कुणी कितीही हौशी असो.

ध्वज किती? माझ्या मते दोनच: तिरंगा आणि एनसीसीचा. तांबडा, गडद निळा, फिकट निळा या तीन पट्ट्यांत तिन्ही दलं आलीच. तरीही तिन्ही सेनादलांचे ध्वज हवेत असा कुणाचा आग्रह असेल, तर आधी बटालियनच्या पीआय स्टाफला (सैन्यातून आलेल्या कायम प्रशिक्षकांना) विचारा. त्या ध्वजांवर राजचिन्ह असतं आणि त्याच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. परवानगी मिळाली तर क्रम भूदल, नौदल, हवाई दल. दुकानात अजून जुना माल पडून असतो. नौदलाच्या ध्वजावर लाल क्रॉस दिसला तर परत करा. २ सप्टेंबर २०२२ पासून तिथे शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आहे. हवाई दलाच्या ध्वजावरही ८ ऑक्टोबर २०२३ पासून उजव्या कोपऱ्यात दलाचं बोधचिन्ह आलंय. रेजिमेंटचं किंवा राष्ट्रपतींनी दिलेलं निशान ही वेगळीच गोष्ट. ते त्या युनिटचंच असतं. त्याची नक्कल शिवून स्टेजवर ठेवू नये.

कापडाचं म्हणाल तर साटन एलईडीच्या उजेडात चकाकतं आणि फोटोत रंग पांढुरके येतात. डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टर चालतं, पण हॉलमध्ये वारा नसतो, तिथे खादीचीच चुणी छान पडते. सोनेरी झालर एनसीसीच्या ध्वजाला ठीक, तिरंग्याला नको. खिडकीजवळचा स्टँड मार्चच्या आत हलवा, आपल्याकडच्या उन्हात केशरी रंग एका उन्हाळ्यात उडतो. विटलेला तिरंगा कचऱ्यात टाकायचा नाही. संहितेनुसार, शक्यतो जाळून, खासगीत आणि सन्मानाने त्याचा निरोप घ्यायचा.

नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, आपल्याला तेच जवळ. मागणी जूनमध्येच नोंदवा. १५ ऑगस्टच्या तोंडावर हवं ते माप मिळत नाही, आणि लगेच १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असल्याने गर्दी महिनाभर तशीच राहते.