हिब्रूत ‘ऑब्सेस्ड’ लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी मजकूर हिब्रूत करताना ऑब्सेशन, अ‍ॅब्सॉर्ब्ड, प्रीऑक्युपाइड असले शब्द आले की बरेच जण डिक्शनरीतला पहिला शब्द उचलतात नि पुढे जातात, आणि गडबड तिथंच होते.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शनला ‘क्लिता’ लिहिणं. इस्रायलमध्ये क्लिता म्हटलं की बाहेरून आलेल्या ज्यूंना देशात सामावून घेणं, त्याचं वेगळं सरकारी मंत्रालय आहे, आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायलही त्याच क्लितातून गेले. दुसरा शब्द ‘स्फिगा’, तो स्पंजने पाणी शोषण्यासारख्या गोष्टीला. पुस्तकात गढलेल्या माणसाला दोन्ही नकोत, त्याला ‘शाकुआ’ म्हणा, म्हणजे बुडालेला (सूर्यास्ताचा ‘श्किया’ याच धातूतला). पुढे ‘बे’ लावायला विसरू नका, ‘शाकुआ बे-माख्शावोत’, विचारात बुडालेला. आणि बाई असेल तर ‘श्कुआ’, हे तर लोक हमखास विसरतात.

प्रीऑक्युपाइडला ‘तारूद’ चालतं, पण या धातूत जरा जपून. ‘मुत्राद’ म्हणजे काळजीत पडलेला, आणि ‘हत्रादा’ म्हणजे थेट छळ, लैंगिक छळाच्या कायद्यातही हाच शब्द. त्यामुळे एखाद्या पात्राच्या डोक्यात सतत प्रेयसीचाच विचार आहे एवढंच सांगायचं असताना तुम्ही हत्रादा लिहिलंत तर बिचाऱ्यावर केसच टाकलीत की! डोक्यातून न जाणारे त्रासदायक विचार असतील तर ‘तोर्दानी’, ओसीडी या मानसिक आजाराचं हिब्रू नावही याच शब्दावरून आलंय. म्हणूनच ‘या केकसाठी मी ऑब्सेस्ड आहे’ असल्या वाक्यात तो घालू नका, पेशंट वाटेल. तिथं बाई बोलत असेल तर ‘मेता आल’, पुरुष असेल तर ‘मेत आल’. आपण नाही का म्हणत, मी मरते त्या केकवर, तेच!

‘दिबुक’ मात्र मला फार आवडतो. माणसाला चिकटलेला मेलेल्याचा आत्मा, लेखक आन्स्कीच्या नाटकाचं नावही तेच, १९२२ मध्ये हाबिमा या नाटक मंडळीने मॉस्कोत ते हिब्रूत केलं. एखादं वेड माणसाच्या हाताबाहेर गेलं असेल तर ‘आहुज दिबुक’, झपाटलेला. पण साध्या छंदाला लावलंत तर हसतील, छंदिष्टाला ‘मेशुगा ला-दावार’ म्हणा, त्यात कौतुक असतं. आणि मशीन ट्रान्सलेशन वापरत असाल तर एकदा तपासा, ‘आहुज’चा दुसरा अर्थ टक्के. दिबुकच्याच धातूतला ‘द्वेकूत’ म्हणजे देवाशी एकरूप होणं, प्रार्थनेत हरवलेल्या माणसाला तो शोभतो, प्रेयसीचा पाठलाग करणाऱ्याला नाही.

शेवटी राहिला ‘ओब्सेसिया’. परका शब्द म्हणून काही जण टाळतात, पण आजच्या बोलीत तो बिनधास्त चालतो. फक्त गोष्ट बायबलमधल्या दावीद राजाच्या काळातली असेल तर कृपा करून नको.