जिल्ह्यातल्या रानवनस्पतींची नोंद करताय? मग या चुका टाळा

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की सातारा जिल्ह्यातल्या रानफुलांचे फोटो ढिगाने यायला लागतात, कास, महाबळेश्वर, ठोसेघर, चाळकेवाडी, सगळीकडचे. फोटो सुंदर असतात यात वादच नाही. पण त्यातून जिल्ह्याची वनस्पतीसूची करायला बसलात तर लक्षात येतं की निम्म्याहून जास्त फोटो नोंद म्हणून वापरताच येत नाहीत. कुठे काढला माहीत नाही, कधी काढला माहीत नाही, झाड रानातलं की कुणी लावलेलं तेही माहीत नाही. आणि खाली मात्र ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'अतिदुर्मिळ'. हा शिक्का नोंदींवरून ठरायला हवा, इथे तो आधीच मारलेला असतो आणि नोंदीचा पत्ता नसतो. साताऱ्याचं उदाहरण घेऊन लिहितोय, पण तुमचा जिल्हा कुठलाही असो, चुका याच होतात.

'कास पठार' हे लोकेशन नाही

सगळ्यात जास्त नोंदी इथेच वाया जातात. नुसतं 'कास' लिहिलं तर ते फूल पठारावरच्या सड्यावरचं (म्हणजे उघड्या सपाट कातळावरचं), तलावाच्या काठचं, का खालच्या जंगलातलं हे कळत नाही, आणि या तिन्ही जागी वेगवेगळ्या वनस्पती असतात. काही जण लोकेशन टाकतात पण ते पार्किंगचं असतं, कारण गाडीत बसल्यावर निवांत टाकलेलं असतं. फोटो काढायच्या आधी कॅमेऱ्याचं लोकेशन चालू आहे का बघा, पहिला फोटो घ्यायच्या आधी आकाश मोकळं असेल तिथे अर्धा मिनिट थांबा म्हणजे जीपीएस स्थिर होतं, आणि अचूकता किती मीटर दाखवतंय तेही टिपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली लोकेशनची आणि तारखेची माहिती उडून जाते, त्यामुळे मित्राकडून फोटो घेताना मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. गावाचं नाव लिहिताना तालुका लिहाच, आपल्याकडे एका नावाची चार-चार गावं असतात.

जुने फोटो आहेत, लोकेशन नाही, आता काय? टाकून देऊ नका. आठवतंय तेवढंच लिहा आणि अंदाजाचं वर्तुळ मोठं ठेवा, 'अमुक गावच्या ५ किलोमीटरच्या आत' असं. नकाशावर अंदाजाने पिन टोचून ती अचूक असल्यासारखी देणं हे लोकेशन नसण्यापेक्षाही वाईट, कारण पुढे कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून तिथे शोधायला जातं.

जुन्या लेबलवरचा 'सातारा' आणि आजचा सातारा

हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा काढला, आधी त्याचं नाव दक्षिण सातारा होतं आणि १९६० मध्ये सांगली झालं. म्हणजे त्याआधीच्या हर्बेरियम शीटवर (वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यावर) किंवा जुन्या फ्लोरात, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनाच्या पुस्तकात, 'सातारा' असं लिहिलेलं असेल तर ती वनस्पती आजच्या सांगलीतली पण असू शकते. तीच गत ठाणे-पालघरची (२०१४) आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गची (१९८१). जुनी नोंद सरळ उचलून आजच्या जिल्ह्याच्या यादीत घालू नका, गाव सापडतं का बघा, नाही सापडलं तर 'जुना सातारा जिल्हा, जागा अनिश्चित' असं वेगळ्या रकान्यात ठेवा. इंग्लंडमध्ये वॉटसन नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने १८५२ मध्येच यावर तोडगा काढला होता, त्याने ग्रेट ब्रिटनचे ११२ विभाग पाडले आणि सरकारी हद्दी कितीही बदलल्या तरी वनस्पतींच्या नोंदी तिथे आजही त्याच विभागांवर होतात. आपल्याकडे असं काही नाही, त्यामुळे तालुका, गाव आणि अक्षांश-रेखांश हाच आपला आधार.

लावलेलं की आपोआप आलेलं?

टेकडीवर दिसलं म्हणजे रानटी असं होत नाही. ग्लिरिसिडिया वनीकरणात लावलेली असते, नारिंगी कॉसमॉस बागेतून सुटून रस्त्याकडेला पसरलेला असतो आणि लोक त्याला हौसेने रानफूल म्हणून टाकतात. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत बाहेरून आलेली आहेत. त्यांचीही नोंद करा, उलट जरूर करा, कुठवर पसरलीत हे कळायला हवं, पण 'लावलेली', 'बाहेरची, आता पसरलेली' आणि 'इथलीच' असे तीन वेगळे शेरे ठेवा. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गाच्या नोंदी टाकायच्या वेबसाइट-ॲपवर, लावलेल्या झाडासाठी खूण करायची सोय आहे, ती वापरा. तिथे नोंद 'रिसर्च ग्रेड' व्हायला फोटो, तारीख, जागा आणि ओळखणाऱ्यांचं एकमत लागतंच, शिवाय झाड लावलेलं नसावं लागतं.

फक्त फुलाचा क्लोजअप

मिकी माऊसचं फूल म्हणून जे पिवळं फूल व्हायरल होतं तो कवला, म्हणजे स्मिथिया. या जातकुळीत दिसायला सारख्या अशा बऱ्याच प्रजाती आपल्या सड्यांवर आहेत आणि समोरून काढलेल्या फोटोत त्या जवळपास एकच दिसतात. फरक बघायचा तर फूल उलटं करून मागचा हिरवा निदलपुंज बघावा लागतो, त्यावरच्या शिरा एकमेकींना समांतर जातात का जाळीसारख्या जुळतात, त्यावर राठ केस आहेत का, मग पानाच्या पर्णिका (छोटी उपपानं) किती आणि कडेला केस कसे. हे फोटोत नसेल तर जगातला कुठलाही तज्ज्ञ 'स्मिथिया' याच्या पुढे खात्रीने जाऊ शकत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून एका झाडाचे किमान पाच-सहा फोटो घ्या: पूर्ण झाड आजूबाजूच्या जागेसकट, पानाची वरची बाजू आणि खालची, फूल समोरून, बाजूने आणि मागून, फळ असेल तर फळ, खोडावरची लव. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. आमरी म्हणजे ऑर्किड असेल तर फुलामागची शेपटी किती लांब ते दिसलं पाहिजे. गेंद म्हणजे इरिओकॉलॉनच्या बाबतीत मात्र फोटोवर भरवसाच ठेवू नका, त्यातल्या कितीतरी प्रजाती बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ओळखता येत नाहीत.

त्यासाठी नमुना लागतो, आणि राखीव जंगलातून नमुना घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. ती नसेल तर तोडू नका. पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, मुंबईत झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, इथे अभ्यासकांना विचारून त्यांच्यासोबत काम करणं हा सरळ मार्ग आहे.

ॲपने सांगितलं म्हणून

ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. ॲप फोटो बघून सुचवतं, निदलपुंज उलटा करून बघत नाही. खात्री नसेल तर प्रजातीपर्यंत न जाता जातकुळीवर थांबा, ती अपुरी नोंद नसते, ती प्रामाणिक नोंद असते. नुसतं मराठी नाव लिहून पण थांबू नका, सोनकी म्हणत लोक तीन-चार वेगळ्या पिवळ्या फुलांकडे बोट दाखवतात. मराठी नाव लिहाच, कुठल्या गावात काय म्हणतात हीसुद्धा माहिती आहे, पण सोबत शास्त्रीय नाव हवं.

शास्त्रीय नावंही बदलतात. शिंदळ माकुडी ही आपल्या कड्यांवरची वनस्पती जुन्या पुस्तकांत फ्रेरिया इंडिका म्हणून आहे, नंतर तिला बुसेरोशिया फ्रेरी म्हणायला लागले. दोन पुस्तकांतून यादी जमवली की ती दोनदा मोजली जाते आणि जिल्ह्याचा आकडा फुगतो. यादी पूर्ण झाली की प्रत्येक नाव लंडनच्या क्यू गार्डनच्या प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या वेबसाइटवर टाकून आजचं मान्य नाव एका रकान्यात आणि सापडलं ते नाव दुसऱ्या रकान्यात ठेवा, जुनं नाव खोडू नका.

जिल्हा म्हणजे फक्त कास नाही

साताऱ्यात ११ तालुके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये जेमतेम ५०० च्या आसपास, मग वनस्पती एकसारख्या कशा असतील? पण नोंदी बघा, सगळ्या पश्चिमेच्या. माण, खटाव, फलटणची गवताळ रानं कोरीच राहतात आणि मग यादीत एखादं गवत 'फक्त एकाच ठिकाणी' दिसतं, खरं तर बाकी ठिकाणी कुणी गेलेलंच नसतं. हंगामाचंही तेच. सप्टेंबरमध्ये एकदा जाऊन यादी होत नाही. पहिल्या पावसानंतर काही दिवसच फुलणारे कंदवर्गीय असतात, आषाढात आषाढ आमरी, ऑक्टोबरनंतर गवतं, उन्हाळ्यात झाडं आणि झाडांवरच्या आमरी. कारवी तर सात-आठ वर्षांनी फुलते, तोवर ती फुलाशिवाय ओळखता यायला हवी.

कुठे गेलो, किती वेळ शोधलं आणि काय सापडलं नाही हेही लिहा. शून्य ही सुद्धा नोंद आहे. आणि संख्या लिहिताना 'भरपूर' लिहू नका, मोजता येतील तर मोजा, फुललेली किती, न फुललेली किती, नाहीतर १ ते १०, ११ ते १००, १०० च्या वर असे गट करा. पाच वर्षांनी कुणी त्याच जागी गेलं तर तुलना कशाशी करणार?

दर्जा: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

पहिला गोंधळ म्हणजे प्रदेशनिष्ठ आणि धोक्यातली यांना एकच समजणं. प्रदेशनिष्ठ म्हणजे ती वनस्पती ठरावीक भागाबाहेर सापडत नाही एवढंच. पश्चिम घाटातल्या कितीतरी प्रदेशनिष्ठ वनस्पती पावसाळ्यात अख्खे डोंगर रंगवतात.

दुसरा, 'रेअर' हा दर्जा म्हणून लिहिणं. आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना कुठली प्रजाती किती धोक्यात आहे ते ठरवून लाल यादी काढते, तिच्या आजच्या वर्गवारीत तो गटच नाही. १९९४ मध्ये ती पद्धत बदलली, २००१ मध्ये परत सुधारली. भारतीय वनस्पतींचं रेड डेटा बुक १९८७ ते १९९० मध्ये आलं, म्हणजे त्यातले गट जुन्या पद्धतीचे आहेत, ते उचलून आजचा दर्जा म्हणून छापायचे नाहीत. दर्जासोबत कुणाचा, कुठल्या वर्षीचा आणि जगाच्या पातळीवरचा का देशाच्या, हे लिहिलं नाही तर तो शब्द बिनकामाचा आहे. आणि यादीत नाव नाही म्हणजे सुरक्षित असंही नाही, बहुतेक वेळा त्या वनस्पतीचं मूल्यमापनच झालेलं नसतं. 'मूल्यमापन नाही', 'माहिती अपुरी' आणि 'चिंता नाही' या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा जरा खोलातला आहे. लोकांना वाटतं नकाशावर ठिपके कमी म्हणजे वनस्पती संकटग्रस्त. आययूसीएनच्या 'बी' निकषात क्षेत्र मोजतात हे खरं, २ किलोमीटर बाय २ किलोमीटरच्या चौकोनांनी व्यापलेलं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर संकटग्रस्तची एक अट पूर्ण होते. पण तेवढ्याने भागत नाही. जागा मोजक्या किंवा तुटक, सतत घट, आणि टोकाचे चढउतार, या तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. घट एका भेटीत दिसत नाही, त्याच जागी परत परत जावं लागतं. आणि इथे 'जागा' धोक्यावरून मोजतात: एकाच सड्यावर दहा ठिकाणी कंदीलपुष्प (सेरोपेजिया) असेल पण एक रस्ता किंवा एक पवनचक्की प्रकल्प आला तर ती सगळीच जाणार असतील, तर ती एक जागा. चाळकेवाडीचा सडा बघितलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. म्हणून नोंदीत धोका लिहा: चराई, वणवा, खाणकाम, पर्यटकांची पायवाट, जे डोळ्यांनी दिसलं तेच.

चौथं, जिल्ह्यातली स्थिती वेगळी ठेवा. सड्यावरच्या ओलसर जागी वाढणारी ड्रोसेरा बर्मानी ही कीटकभक्षी वनस्पती भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे, जगाला तिची काळजी नसेलही, पण तुमच्या तालुक्यात ती एकाच झिरपत्या कातळावर असेल तर तालुक्यासाठी ती मोलाची आहे. त्यासाठी 'जिल्ह्यात किती चौकोनांत सापडली' हा साधा आकडा द्या, आययूसीएनचे शब्द उसने घेऊ नका.

आणि लाल यादी म्हणजे कायदा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये वनस्पतींची स्वतंत्र अनुसूची आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती तिसरी अनुसूची. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३८ खाली नामशेष होऊ घातलेल्या प्रजाती अधिसूचित करता येतात. त्याच कायद्यातून गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही आली, तुमच्या ग्रामपंचायतीची असेल तर ती उघडून बघा आणि तुमच्या नोंदी गावच्या जैवविविधता समितीला द्या.

नेमकी जागा सगळ्यांना सांगणं

इतका वेळ अचूक लोकेशन लिहा म्हणतोय आणि आता म्हणतो ते उघड करू नका, पण दोन्ही खरं आहे. कंदीलपुष्पाचे कंद उकरले जातात, नरक्या हे झाड औषधासाठी चोरून तोडलं जातं, आमरी हौसेखातर घरी नेल्या जातात आणि घरी बहुतेक मरतात. अचूक जागा स्वतःच्या वहीत आणि अभ्यासकांकडे ठेवा, जाहीर करताना तालुक्यापर्यंतच सांगा. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप ०.२ अंशाच्या चौकोनात धूसर करतं, पण ज्यांचं मूल्यमापन झालेलं नाही त्यांची करत नाही, तिथे तुम्हालाच 'ऑब्स्क्युअर्ड' निवडावं लागतं. फोटोच्या मागे ओळखीचं देऊळ, पवनचक्की किंवा सुळका दिसत असेल तर तो फोटो पोस्ट करू नका, आणि मूळ फाइल कुणाला फॉरवर्ड करताना त्यात लोकेशन जातंय हे लक्षात ठेवा.

आधीच टाकून बसला असाल तर पोस्ट काढा, कमेंटमधले 'भाऊ एक्झॅक्ट कुठे' वाले प्रश्न सुद्धा काढा, आणि पुढच्या पावसाळ्यात ती जागा एकदा जाऊन बघून या, रोपं तेवढीच आहेत का मोजा आणि आकडा तारखेसकट वहीत लिहा.