सवलत कार्ड की आरोग्य विमा? सांगली-मिरजेत पैसे भरण्याआधी

मिरजेतल्या दवाखान्यांत ३० टक्के सूट मिळवून देणारं कार्ड म्हणजे विमा नव्हे. बिल तुम्हीच भरायचं, आणि सूट कोणत्या दरावर हे ठरवणार दवाखाना. म्हणून आधी पॉलिसीवर विमा कंपनीचा आयआरडीएआय (विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) नोंदणी क्रमांक आणि योजनेचा यूआयएन (प्रत्येक योजनेचा वेगळा ओळख क्रमांक) शोधा. यूआयएन आयआरडीएआयच्या संकेतस्थळावर सापडला नाही, तर एक रुपयाही देऊ नका. एजंटच्या खात्यावर तर कधीच नको; हप्ता थेट कंपनीला.

मग खोलीभाड्याची मर्यादा बघा. लोक इथे बरेचदा फसतात. विमा ५ लाखांचा आणि मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर अशा अनेक पॉलिसींत डॉक्टर, शस्त्रक्रिया, नर्सिंगचे पैसेही ५/८ प्रमाणातच मिळतात. औषधं आणि इम्प्लांट सहसा या कपातीत येत नाहीत. शक्यतो भाड्याची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या, हप्ता थोडा वाढला तरी चालेल.

को-पे, म्हणजे दाव्यातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, किती, तेही विचारा. साखर, रक्तदाब अर्जात लिहाच. एजंट ‘नको’ म्हणाला तरी. लपवलेल्या आजारावरून दावे नाकारले जाऊ शकतात. जुन्या आजाराची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळू लागण्याआधीचा काळ, जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकते. कॅशलेस यादीतलं (जिथे बिल विमा कंपनी थेट दवाखान्याला देते) नाव दवाखान्याच्या विमा कक्षात जाऊन पडताळा, कारण यादी बदलत राहते.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तक्रारीसाठी आयआरडीएआयचा फोन १५५२५५.