कॉइलओव्हर नंतर, आधी ओळंबा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. आठवडाभर मायक्रॉनवरून भांडायचं आणि रविवारी स्विफ्ट घेऊन ऑटोक्रॉसला (मैदानावर आखलेल्या वळणांवरून एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध गाडी पळवायला) जायचं, असा माझा शिरस्ता. त्यामुळे "ताई, सस्पेन्शन कुठलं घेऊ?" हे नव्या पोरांकडून हमखास ऐकायला मिळतं. आत्ता कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) वगैरे काहीच घेऊ नका. आहे ते मोजा, सरळ करा आणि मग घड्याळ काय म्हणतं ते बघा.

खालचं सगळं डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानासाठी आहे, आणि स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी. आपल्याकडे ऑटोक्रॉस बऱ्याचदा मातीवर होतं. तिथे गाडी खाली बसवणं, जास्त कॅम्बर (चाकाचा उभा कल), कडक स्प्रिंग हे सगळं अंगाशी येतं. मातीवर उंची, स्प्रिंगचा प्रवास आणि मऊपणा लागतो.

पहिलं काम अगदी कंटाळवाणं. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा: प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा: टाय रॉड. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशला (रबरी सांध्याला) टॉमी लावून बघा, लिंक रॉड खडखडतोय का बघा, शॉकअपवर तेलाचा ओलावा आहे का बघा. आपल्याकडे एक पावसाळा खड्ड्यांत काढला की बुश बिचारे दमतात. ते बदलल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे नुसते पैसे घालवणं, कारण मशीनवर दिसलेला कोन वळणावर राहतच नाही.

मग हवा. यात एक पैसा जात नाही आणि फरक सगळ्यात जास्त. साध्या रस्त्याच्या टायरवर चारही चाकांत ३६ पीएसआयपासून सुरुवात करा. टायरच्या खांद्यावरून साइडवॉलपर्यंत खडूची रेघ ओढा, एक फेरी मारा. बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. खडू त्याच्याही खाली पुसला गेला असेल, तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. खांद्यावरचा खडू तसाच राहिला, तर हवा जास्त आहे. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. गाडीचं नाक वळणाबाहेर पळत असेल, तर पुढची हवा बरोबर लागल्यावर फक्त मागे दोन-दोन पीएसआय वाढवत जा. मागची पकड थोडी सुटते आणि गाडी वळायला लागते. गेज स्वतःचा ठेवा, पेट्रोल पंपावरचा नको. आणि जानेवारीत सकाळी १० अंशांना भरलेली हवा दुपारी २८ अंशांना तेवढीच राहत नाही. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की १ पीएसआय वाढतो. म्हणजे गाडी उभ्या उभ्याच ३ पीएसआय चढले, टायर घासून तापेल ते वेगळंच. प्रत्येक फेरीनंतर मोजा.

आता कॅम्बर. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. वळणावर बॉडी कलली की बाहेरचं चाकही बाहेर कलतं आणि टायर खांद्यावर उभा राहतो. म्हणून चाकाचा वरचा भाग आधीच आत झुकवून ठेवायचा. स्ट्रट आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एक काढून त्या जागी कॅम्बर बोल्ट बसवतात. त्याचं पोट मध्यापासून एका बाजूला सरकलेलं असतं, फिरवला की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला पुढे उणे दोन अंशांच्या आसपास पुरे. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, आकडा मॅन्युअलमधून घ्या.

मोजायला मशीनच लागतं असं नाही. गवंड्याच्या लेव्हल पाइपने चारही चाकांखालची जमीन तपासा, जिथे कमी असेल तिथे पत्रे सारा. चाकं सरळ ठेवून ओळंबा रिमशेजारी सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर घ्या. या दोन कडांमध्ये ४०० मिमी अंतर असेल, तर ७ मिमी फरक म्हणजे एक अंश. मोजताना ड्रायव्हरचं वजन गाडीत हवं. मी सीटवर कांद्याची गोणी ठेवते. नाशकात तिची काय कमतरता!

कॅम्बर बदलला की टो (वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर, ते) हलतोच, त्यामुळे टो नेहमी शेवटी. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर समांतर दोऱ्या ताणा, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर घ्या. पुढे एकूण २ मिमी टो-आउट (टोकं बाहेर) ठेवला की स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते. मागच्या दोन चाकांना जोडणारा टॉर्शन बीम तसाच राहू द्या. बीम स्वतःच अँटी-रोल बारचं, म्हणजे गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याचं काम करतो. वळणावर मागचं आतलं चाक हवेत उचललं गेलं, तर घाबरू नका, अशा गाड्यांचं ते नेहमीचंच आहे.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणारे गॅरेजवाले गल्लोगल्ली आहेत. त्यांना लांबूनच नमस्कार. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि प्रवास कमी झाल्याने शॉकअप भर वळणावर बंप स्टॉपला (शेवटच्या रबरी अडसराला) टेकतो. मग पुढची पकड एकदम जाते. शिवाय लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं, की स्प्रिंग दबताना कॅम्बर मिळायच्या ऐवजी जातो आणि गाडी उलट जास्त कलते. दिसायला रुबाबदार, पळायला मंद.

टेस्टिंगला बंद जागा हवी. पिंपळगावच्या बाजूला मित्राच्या पॅकहाऊसचं काँक्रीटचं आवार आहे. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की तिथे ट्रकच ट्रक, त्यामुळे आमचं काम दिवाळी ते जानेवारी. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर पहाटे हे प्रयोग करू नका, तिथे सायकलवाले असतात.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. फेऱ्या मारत गेलं की जमीन साफ होते, टायर तापतो, हातही बसतो. वेळ आपोआप कमी होतो आणि श्रेय नव्या सेटिंगला जातं. म्हणून शेवटी जुनं सेटिंग परत लावून पुन्हा वेळ घ्या. जुन्यावरही तेवढाच वेळ आला, तर बदलाने काहीच केलेलं नाही. वळणात शिरतानाच नाक पळत असेल, तर गाडीआधी ब्रेक मारायची जागा बदला; बहुतेक वेळा वेग जास्त असतो. वळणाच्या मध्यात पळत असेल, तर कॅम्बर आणि मागची हवा. एवढं करूनही वेळ हलेना, तेव्हा कॉइलओव्हरचा विषय काढा.

घरी निघण्याआधी हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे करा. मुंबई-आग्रा हायवेवर रोज ये-जा असेल, तर टो शून्यावर आणा. टायरची आतली कड उभ्याने दिसत नाही, महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून तिच्यावर हात फिरवा. गुळगुळीत लागायला लागली की पुढचे टायर बदला.