सांधे आणि दिव्यांसाठी वेगळा वीजपुरवठा ठेवा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर रुळांचा वीजपुरवठा फक्त गाड्यांसाठीच असावा. सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे जोड) बदलणारी मोटर, सिग्नल, स्थानकातले दिवे हे सगळे दुसऱ्या अडॅप्टरवर टाका. एकाच कंट्रोलरवर भार टाकला की सांधा बदलताच गाडी क्षणभर मंदावते आणि दिवे मिणमिणतात. डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आदेश पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत) वापरत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. चुकीच्या बाजूला लागलेल्या सांध्यावर इंजिन चढलं की शॉर्ट होऊन बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डीसीसीचा भाग) बंद पडतो, आणि सांध्याची मोटरही त्याच बूस्टरवर असेल तर सांधा सरळ करायलाच वीज उरत नाही!

मोटर कोणती आहे ते आधी पाहा. दोन कॉइलच्या सोलेनॉइडला (विद्युतचुंबकाने सांधा झटक्यात सरकवणाऱ्या मोटरला) क्षणभरच, पण काही अँपिअरचा झटका लागतो. तिच्यासाठी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (वीज साठवून एकदम सोडणारं उपकरण) घ्याच. त्यातून जोरदार ठोका मिळतो आणि बटण अडकून राहिलं तरी कॉइल जळत नाही. ते नसेल तर निदान दाबून सोडायचं पुश बटण वापरा, साधा ऑन-ऑफ स्विच नको. सावकाश फिरणाऱ्या आणि टोकाला अडून थांबली तरी न जळणाऱ्या स्टॉल मोटरला मात्र १२ व्होल्ट डीसीवर काही मिलिअँपिअर पुरतात.

१२ व्होल्टवरच्या प्रत्येक एलईडीला साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. सोलेनॉइडच्या तारा जाड हव्यात. बारीक, लांब तारेत व्होल्टेज पडतं आणि सांधा अर्ध्यात अडकतो. बहुतेक वेळा दोष मोटरचा नसतोच.