आधी रोजनाम्याची नक्कल काढा

मी रत्नागिरीत विधी स्वयंसेवक आहे. पोरगा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात आत जाऊन वर्षं लोटली, खटला मात्र हलत नाही, अशा आया माझ्याकडे येतात.

आधी पंचनाम्यातलं वजन बघा. गांजा २० किलो, चरस १ किलो किंवा एमडी (मेफेड्रोन) ५० ग्रॅमच्या वर असेल, तर अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याचं कलम ३७ जामिनाला आडवं येतं. आरोपी निर्दोष असावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असं न्यायाधीशांना सकारण पटावं लागतं. सुरुवातीला इथेच बहुतेक अर्ज अडतात.

पण खटला वर्षानुवर्षं रखडला की मुद्दा बदलतो. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या आरोपीला जामीन दिला. खटला अवाजवी लांबला तर कलम ३७ जामिनाच्या आड येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हा निकाल वकिलांना आठवणीने सांगा.

मात्र खटला कोणामुळे लांबला, हे दाखवावं लागतं. त्यासाठी रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं याच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढा. वहीत तीन रकाने आखा: तारीख, काय झालं, कोणामुळे. "साक्षीदार गैरहजर", "आरोपीस तुरुंगातून आणले नाही" असं जे असेल ते जसंच्या तसं उतरवा. आपल्या वकिलांनी मुदत मागितली असेल तर तेही लिहा. लपवलंत तर सरकारी वकील तेवढंच वाचून दाखवतील. खाली साक्षीदार एकूण किती, तपासले किती, ते मांडा. हा तक्ता अर्जाला जोडायला सांगा.

सत्र न्यायालयाने नाकारलं तर उच्च न्यायालय. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापुरात बसतं, रायगडकरांना मुंबईच. वकिलासाठी दागिने गहाण टाकू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, नाहीतर १५१०० वर फोन करा.

जामीनदार आधीच बघून ठेवा. आपल्याकडे सातबारा सामाईक, निम्मी नावं मुंबईला, त्यामुळे ऐन वेळी धावपळ होते. हुकूम होऊनही महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अटी सैल करण्याचा अर्ज लगेच टाका.