मधुमेही कुत्रीच्या आहारात चोथा वाढवण्याआधी

राणीच्या आहारात चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, वाढवण्याचा आमचा पहिला प्रयत्न ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांपायी फसला, म्हणून सर्वांत आधी पट्ट्या आणाव्यात. डबीत दोनच उरल्या असताना आम्ही आहार बदलला. सकाळच्या इन्सुलिननंतर सहाव्या तासाला तिचे मागचे पाय लटपटू लागले, कानाच्या कडेला टोचून पाहिले तर आकडा 52 mg/dL, म्हणजे साखर फार उतरलेली. हिरड्यांना मध चोळला. साखर वर आली हे दुसऱ्या पट्टीने कळले, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती पुन्हा उतरते आहे का, हे पाहायला तिसरी पट्टी नव्हती.

कुत्र्यांचा मधुमेह बहुधा इन्सुलिनच्या अभावाचा असतो, त्यामुळे चोथा इन्सुलिनची जागा घेत नाही. पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा चोथा जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरू देतो, आणि म्हणूनच कालचा डोस आज जास्त ठरू शकतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. कुत्री हडकुळी असेल तर जास्त चोथ्याचा आहार तिला सोसत नाही. आधी वजन करावे.

असा फुगणारा चोथा म्हणजे ईसबगोल; तो साधा घ्यावा. चव घातलेल्या पाकिटांत गोडी आणणारे पदार्थ असतात, आणि त्यांतील झायलिटॉल कुत्र्यांना जीवघेणे ठरते. ईसबगोल पाण्यात पूर्ण भिजवूनच अन्नात मिसळावा; कोरडा कधीही नको, शौच अडते. प्रमाण डॉक्टर ठरवतील, ते थोड्यापासून आठ-दहा दिवसांत वाढवावे आणि रोज त्याच चमच्याने मोजावे, कारण आज एक चमचा आणि उद्या दीड असे झाले तर इन्सुलिनचा हिशेबच लागत नाही. पाण्याचे भांडे भरलेले असावे.

आता पुन्हा पट्ट्या. दिवसभराचा साखरेचा आलेख काढायचा तर इन्सुलिनच्या आधी एकदा आणि नंतर बारा तास दर दोन तासांनी, म्हणजे 7 पट्ट्या लागतात; रक्त कमी पडून वाया जाणाऱ्या वेगळ्या. पंचवीसची डबी तीन आलेखांत संपते. मुदत तपासावी, डबी घट्ट बंद ठेवावी, आणि दुसरी डबी घरात आल्याशिवाय पहिला चमचा घालू नये.

सिरिंज इन्सुलिनच्या बाटलीवरील 40 किंवा 100 (एका मिलीलिटरमधील युनिट) या आकड्याशी जुळणारीच घ्यावी. जेवण व इन्सुलिन बारा तासांच्या अंतराने. तिने जेवण टाकले तर नेहमीचा डोस देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. मध हाताशी. पट्ट्या मोजल्या का?